डॉक्टर चिनारींची हातसफाई

मिठाईच्या दुकानाचं काचेचं दार त्या दिवशी कुणीतरी फारच मन लावून पुसलं होतं. फरंगीसच्या हातात क्रीमच्या पफांचा खोका हनुवटीपर्यंत आलेला, आणि डोक्यात शुक्रवारच्या जेवणाचा विचार. भावजय येणार होती, आणि ती आली की भातापासून पडद्यापर्यंत सगळ्याला नावं ठेवणार होती. पुढे दार आहे हे फरंगीसला कळलं ते नाकाला कळल्यावरच.

हे नाक तिच्या वडिलांकडून आलेलं. मधोमध चांगला उंचवटा असलेलं, माणसाच्या आधी खोलीत शिरणारं. धाकटा भाऊ इरज याचंही तसंच, आणि इरजच्या मुलीचं, गुलनारचंही तंतोतंत तसंच. बाकीच्या चुलत-मावस बहिणींनी आपापली नाकं केव्हाच कापूनकोरून घेतली होती. फरंगीस मात्र पन्नाशी उलटली तरी देवानं दिलेलं नाक घेऊन तेहरानभर बिनदिक्कत हिंडत होती.

शेजारच्या औषधाच्या दुकानातल्या माणसानं नाक चाचपून पाहिलं. “हाड शाबूत आहे, खानुम. सूज येईल, डोळ्यांखाली काळंनिळं होईल. बर्फ लावा, डोकं उंचावर ठेवून झोपा, चष्मा घालू नका,” असं म्हणत त्यानं नाकावर कातडीच्या रंगाची पट्टी आडवीउभी लावून दिली.

आता तेहरानात नाकावर अशी पट्टी दिसली की ‘काय लागलं?’ असं कुणी विचारत नाही. नवं नाक करून घेतलं असं धरून ‘मुबारक!’ म्हणतात. फरंगीस घराच्या दारापर्यंत पोचेतो तीन बायकांनी तिला मुबारक दिली होती.

“अहो, दारावर आपटले मी,” ती तळमजल्यावरच्या शेजारणीला म्हणाली.

“हो ना,” शेजारणीनं डोळा मारला. “माझी बहीण त्याच दारावर आपटली होती. आणि माझी जाऊ एस्फहानला जिन्यावरून पडली. इतकं सुंदर नाक आलं तिला त्या जिन्यावरून!”

फरंगीसनं आणखी दोनदा खरं सांगून पाहिलं. जितकं खरं सांगावं तितकं लोक समजूतदारपणे मान हलवत. वर गेली तर नवरा हूशंग सोफ्यावर बसून चहा पीत होता. त्यानं साखरेचा खडा दातात धरूनच तिच्याकडे पाहिलं आणि हसू दाबायच्या नादात खडा गिळला.

“हसू नका. दुखतंय मला.”

“मी कुठं हसतोय? पण पफ कुठायत?”

पफ दुकानाच्या फरशीवर राहिले होते.

संध्याकाळपर्यंत बातमी मनीजेपर्यंत पोचली. मनीजे म्हणजे इरजची बायको. तिनं स्वतःचं नाक लग्नाआधीच करून घेतलेलं. शेंडा वर उचललेला, बाकीचं दोन बोटांत चिमटून धरल्यासारखं. त्या जिवावर ती इतकी वर्षं सासरच्या नाकाचा उद्धार करत आलेली. ती तडक आली ती अननसाच्या डब्यांची पिशवी घेऊनच. अननसानं सूज उतरते असं सगळे म्हणतात, म्हणून अशा आजाऱ्याकडे कुणी रिकाम्या हातानं जात नाही.

“काय हो वन्सं, आम्हाला एका शब्दानं नाही सांगितलंत? मी काय नजर लावली असती?”

“अगं मनीजे, दारावर—”

“ते दार शेजारणीला सांगा. मला सांगा, डॉक्टर कोण?”

फरंगीसनं तोंड उघडलं, पण तेवढ्यात एक गोष्ट तिच्या लक्षात आली. मनीजे आजवर तिच्याकडे कधीच अशी बघत नव्हती. तिच्या डोळ्यांत चक्क मत्सर होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा फरंगीसकडे असं काहीतरी होतं जे मनीजेला ठाऊक नव्हतं. जखमेवर बर्फ ठेवल्यासारखं गार गार वाटलं तिला. खिडकीबाहेर रस्त्याकडेचं चिनाराचं झाड पान न् पान हलवत उभं होतं.

“चिनारी,” फरंगीस म्हणाली. “डॉक्टर चिनारी.”

“चिनारी?” मनीजेनं भुवया आक्रसल्या. मग नाव ठाऊक नाही हे कबूल करणं तिच्या जिवावर आलं असावं. “हां, हां. चिनारी. त्यांच्याकडे तर नंबरच लागत नाही म्हणे.”

हूशंगला त्याच वेळी जोराचा ठसका लागला आणि तो स्वयंपाकघरात निघून गेला.

पुढचे दिवस फरंगीसनं राणीसारखे काढले. शुक्रवारचं जेवण आपोआप रद्द झालं. हूशंग टोमॅटो घालून अंड्याचं काहीतरी करी आणि त्याला ऑम्लेट म्हणे. नणंदा-जावा फळांचे रस घेऊन येत, पाठीशी उशा रचून देत, “हसवू नका गं तिला, टाके असतील,” असं एकमेकींना दटावत. इतकी वर्षं सगळ्यांच्या मागे चहाचं तबक घेऊन फिरणारी फरंगीस आता हळूच हात उचले आणि तबक तिच्यापाशी येई.

“अगं, पण पट्टी निघाल्यावर काय?” हूशंगनं विचारलं. “आतून जुनंच नाक निघणार ना?”

“तोवर मजा करू द्या की मला.”

पट्टी काढायच्या दिवशी बघायला सगळं गणगोत जमलं. फरंगीसनं आतल्या खोलीत आरशासमोर पट्टी सोलून काढली. सूज उतरून उंचवटा पुन्हा जागच्या जागी आला होता. तिनं मनात तोंड लपवायच्या चार तऱ्हा जुळवल्या आणि बाहेर आली.

मनीजे उठली, समोर आली, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं.

“हात आहे बाई डॉक्टरचा,” ती म्हणाली. “केलंय हे कळतसुद्धा नाही!”

मग सगळ्यांनाच वाचा फुटली. कुणाला शेंडा नाजूक झालेला दिसला, कुणाला कड सरळ. एका आतेबहिणीला तर डोळेही मोठे वाटले. हल्ली नैसर्गिक कामाचीच चलती आहे, बाहुलीसारखी नाकं जुनी झाली, यावर बराच वेळ चर्चा रंगली. बाहुलीसारखी म्हणताना मनीजेकडे कुणी बघितलं नाही, पण मनीजेनं चहाचा पेला खाली ठेवला तो जरा आपटूनच.

फक्त गुलनार कोपऱ्यात बसून आत्याकडे एकटक बघत होती. ती विद्यापीठात चित्रकला शिकत होती.

दोन दिवसांनी ती एकटीच आली. हूशंग पाव आणायला गेला होता.

“आत्या, तुझं ऑपरेशन झालेलं नाही.”

“काहीतरीच काय बोलतेस!”

“अगं, हेच नाक मी रोज सकाळी आरशात बघते. त्याचा उंचवटा न् उंचवटा मला पाठ आहे. केसभरसुद्धा हललेलं नाही ते.”

फरंगीसनं मान खाली घातली. शरम वाटली, पण हसूही फुटलं, आणि मग दोघी सोफ्यावर आडव्या होईपर्यंत हसल्या.

“कुणाला सांगू नकोस गं.”

“नाही सांगणार. पण मग मलाही डॉक्टर चिनारींकडे ने.”

प्रकरण असं होतं. गुलनारला एक स्थळ आलं होतं. मुलाची आई बघून गेली आणि जाताना दारात म्हणाली, मुलगी गोड आहे, तेवढं नाकाचं बघितलंत की झालं. तेव्हापासून मनीजेनं मुलीच्या नाकी नऊ आणले होते. आधी बिनकापाकापीचे उपाय झाले. इंटरनेटवरून एक प्लॅस्टिकचा चिमटा आला, तो लावून गुलनारनं टीव्ही बघायचा. नाक बारीक झालं नाही, पण आठवडाभर ती विदूषकासारखी लाल नाक घेऊन कॉलेजला गेली. मग हाडाचा उंचवटा विरघळवणारं मलम आलं. त्यानं मिशीच्या जागी पुरळ उठलं. मग मनीजेची केस कापणारी बाई म्हणाली, आत जेल टोचून उंचवटा झाकता येतो, पाच मिनिटांचं काम, इथंच खुर्चीत करते. तिनं सुई काढली तेव्हा गुलनार गळ्यातल्या फडक्यासकट रस्त्यावर पळाली होती.

“आणि आता आई म्हणते, आत्यासारखं नैसर्गिक करून घेऊ. चिनारी नाही म्हणाले तर दुसरा कुणीही.”

“तुला नकोच आहे का?”

गुलनारनं खांदे उडवले. “कधी वाटतं करावं, कधी वाटतं राहू दे. पण त्या बाईला पसंत पडायला म्हणून? नाही गं आत्या.”

फरंगीसनं गंमत म्हणून उभा केलेला डॉक्टर आता या पोरीच्या मानगुटीवर बसला होता. जाऊन मनीजेला सगळं सांगून टाकावं असं तिला वाटलंही. पण मनीजेचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि धीर सुटला. खोटंच ऑपरेशन करून यायचा गुलनारचा बेत त्यामानानं फारच सोपा वाटला.

इरजला कटात घ्यावं लागलं. ताईनं सगळं सांगितल्यावर तो बराच वेळ स्वतःचं नाक चोळत बसला.

“ताई, माझ्या नाकाबद्दल लग्नापासून ऐकतोय मी,” तो म्हणाला. “आता पोरीनंही ऐकायचं? सांग, मी काय करू?”

“तू फक्त पैशाबद्दल विचारलं तर सांग की डॉक्टर आमच्या शाळेतला आहे, आपल्याकडून फी घेत नाही.”

“आमच्या शाळेत एक चिनारी होता खरा. गणितात नापास व्हायचा.”

“मग मोठा होऊन डॉक्टर झाला असं सांग.”

मनीजेला सोबत यायचं होतं. फरंगीसनं सांगितलं की डॉक्टर तेहरानात आता ऑपरेशन करत नाहीत, रश्तला करतात, तिथली दमट हवा जखमेला चांगली. आणि आईला तर ते आवारातही येऊ देत नाहीत. आया रडतात आणि त्यांचा हात थरथरतो. मनीजे फुणफुणली, पण इतक्या मोठ्या डॉक्टरचे नखरे असणारच, हे तिला पटलं. तिनं सोबत दिलेल्या पिशवीत अननसाचे डबे, थंड करायच्या जेलच्या पट्ट्या, मानेची उशी आणि सुजेवरचं मलम असा सगळा संसार होता.

रश्तला फरंगीसची ताजी नावाची शाळेतली मैत्रीण राहत असे. तिच्या अंगणात संत्र्याचं झाड होतं आणि पाऊस असा की कपडे कधी वाळतच नसत. आत्या-भाचीनं तिथं धुरावलेला मासा खाल्ला, लसूण ठेचून केलेलं वांग्याचं भरीत अंडी फोडून खाल्लं, अंझलीच्या किनाऱ्यावर होडीत बसल्या. मनीजेच्या जेलच्या पट्ट्या ताजीच्या गुडघ्यांना फार मानवल्या. मानेची उशी ताजीच्या मांजरानं घेतली.

संध्याकाळी मात्र कामाला लागावं लागे. मनीजे रोज फोनवर तोंड बघायची. गुलनार नाकाला पट्टी लावी, डोळ्यांखाली जांभळ्या रंगाची पावडर चोळी, नाकात कापूस कोंबून आवाज चोंदलेला करी. दिवसागणिक ती जांभळ्यात हिरवा मिसळत गेली, मग पिवळा. मार बरा होताना रंग कसे बदलतात, हे आत्याच्या तोंडावर तिनं नीट पाहून ठेवलं होतं.

एकदा घोळ झाला.

“काल डावा डोळा जास्त काळा होता ना?” मनीजे फोनवर म्हणाली. “आज उजवा कसा?”

गुलनारनं आत्याकडे पाहिलं. फरंगीसनं फोनसमोर तोंड घातलं. “अगं, सूज सरकते. ही डाव्या कुशीवर झोपली की डावीकडे, उजव्या कुशीवर झोपली की उजवीकडे.”

“मग उताणी झोपव तिला! डॉक्टर काय म्हणाले?”

“हसू नको म्हणाले.”

हे ऐकून गुलनारनं उशीत तोंड खुपसलं. तिचे खांदे गदगदायला लागले. मनीजेला वाटलं पोर दुखण्यानं रडतेय, आणि फोनच्या पलीकडे तीही रडायला लागली. “दुखत असेल गं माझ्या सोन्याला. मलाही फार दुखलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं मी.”

फोन ठेवल्यावर ताजीनं चहा आणला, तो दोघींपुढे तसाच गार झाला.

तेहरानला परतल्यावर मनीजेनं फरंगीसच्या घरी पट्टी काढायचा समारंभच केला. मुलाच्या आईलाही बोलावलं. गुलनारनं आपल्या हातानं पट्टी काढली आणि बापाचं नाक, आत्याचं नाक, आजोबांचं नाक जसंच्या तसं सगळ्यांपुढे ठेवलं. इरज खिडकीबाहेर बघत राहिला.

मुलाची आई चष्मा चढवून पुढे झाली.

“किती अभिरुचीचं काम आहे,” मुलाची आई म्हणाली. “कुणी केलं?”

“डॉक्टर चिनारींनी,” मनीजे अभिमानानं म्हणाली.

“वाटलंच मला! माझ्या बहिणीच्या मुलीचंही चिनारींनीच केलं. वर्षभर थांबावं लागलं तिला. हात ओळखू येतो त्यांचा.”

फरंगीसच्या हातातलं चहाचं तबक खळखळलं. हूशंगनं ते झटकन काढून घेतलं, नाहीतर गालिच्यावर गेलं असतं. मुलाच्या आईनं लगेच साखरपुड्याची गोष्ट काढली. तेव्हा गुलनार उठून अगदी गोड आवाजात म्हणाली, “खानुम, तुम्ही मोठ्या आहात, माझ्या डोक्यावर तुमची सावली असू दे. पण मला आत्ता लग्न करायचं नाही.” आणि ती आतल्या खोलीत निघून गेली.

पाहुणे गेल्यावर मनीजे मुलीवर ओरडेल असं सगळ्यांना वाटलं. ती ओरडली नाही. स्वयंपाकघरात आली, भाजीच्या ढिगापाशी बसलेल्या फरंगीसच्या समोर बसली आणि दार ढकलून दिलं.

“वन्सं, एक काम आहे. चिनारींना माझ्यासाठी विचारा.”

“तुझ्यासाठी? तुझं तर झालंय.”

“म्हणूनच.” मनीजेनं मेथीची एक काडी घेऊन तिचे तुकडे केले. “मला श्वास घेता येत नाही हो. पहिल्यापासूनच. एका बाजूनं तर काहीच जात नाही. तोंड उघडं टाकून घोरत झोपते मी, सकाळी घशाला कोरड. वास तर कितीक वर्षांत धड आला नाही. मीठ कमी, केशर कमी म्हणते ना मी तुमच्या भाताला? मला कळतच नाही काही. अंदाजानं बोलते.”

फरंगीसचा हात थांबला.

“हा डॉक्टर नाक जागच्या जागी ठेवतो,” मनीजे म्हणाली. “तुमचं बघितलं, पोरीचं बघितलं. मला माझं जुनं नाक परत हवंय. किंवा निदान त्याच्यासारखं काहीतरी. त्यांना म्हणावं, कितीही थांबेन.”

आजवर मनीजेनं फरंगीसकडे काही मागितलं नव्हतं. आता मागत होती, तेही जगात नसलेल्या माणसाला मध्ये घालून. फरंगीसनं सुरी खाली ठेवली.

“मनीजे, डॉक्टर चिनारी नाहीत.”

“वारले?”

“नाही गं. ते कधी नव्हतेच. तुझ्या तोंडावर काहीतरी फेकायचं म्हणून खिडकीतलं झाड बघून नाव घेतलं मी. मी खरंच दारावर आपटले होते.”

मनीजे बघत राहिली. “आणि रश्त?”

“मासे खाल्ले.”

“गुलनारचं नाक?”

“जसं होतं तसंच आहे.”

“इरज?”

फरंगीसनं मान डोलावली. मनीजे उठली, बाहेर जाऊन तिनं ओव्हरकोट घातला, डोक्यावर रुमाल बांधला आणि नवऱ्याची वाट न पाहता निघून गेली. दार तिनं अगदी हळू लावलं. ते ऐकून फरंगीसला जास्त वाईट वाटलं.

मनीजेनं फोन उचलणं बंद केलं. इरज रोज स्वतःच अंडी तळून खातो असं गुलनारकडून कळलं. गुलनारनं आईची माफी मागितली, तर आई म्हणाली, “तू पोर आहेस. त्या वन्संना अक्कल नको होती?” फरंगीसला हे लागलं, कारण ते खरं होतं. गंमत करताना ती एका अशा बाईला हसली होती जी इतकी वर्षं तोंडानं श्वास घेत सगळ्यांवर नाक मुरडत होती, आणि कुणालाही ते कळू देत नव्हती.

मग फरंगीस कामाला लागली. दोन-तीन दवाखान्यांत विचारपूस केली. एका ठिकाणी स्वागताच्या टेबलावरची मुलगी तिचंच नाक बघून “आपल्यासाठी?” म्हणाली, तिथून ती बाहेर पडली. शेवटी एका मोठ्या इस्पितळात बिघडलेली नाकं दुरुस्त करणारा एक तुसडा म्हातारा डॉक्टर सापडला. हा आश्वासनं द्यायचा नाही, आरशात काय दिसेल हेही सांगायचा नाही. श्वास येईल का एवढं मात्र सांगायचा. त्याची वेळ घेऊन फरंगीस नाकदुऱ्या काढायला भावजयीच्या दारात उभी राहिली.

आतून आवाज आला. “कोण? डॉक्टर चिनारी आलेत का?”

“नाही. त्यांची मदतनीस आलेय.”

मग कडी निघाली. मनीजेचे डोळे सुजलेले होते, पण ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

“आत या. दारात उभं राहून पुन्हा कशावर तरी आपटाल.”

म्हाताऱ्या डॉक्टरनं मनीजेच्या नाकात दिवा घालून पाहिलं आणि चिडून विचारलं, “हे कुणी केलं?” मनीजेनं नाव सांगितलं, ते डॉक्टर फार पूर्वीच देश सोडून गेले होते. डॉक्टर म्हणाला, बरगडीतली कूर्चा, म्हणजे मऊ हाड, घेऊन आत आधार द्यावा लागेल. दुखेल. वर्षभर नाक रोज वेगळं दिसेल. आणि लग्नाआधीच्या फोटोतलं नाक परत येणार नाही, ते गेलं. मनीजेनं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि हो म्हणाली.

ऑपरेशननंतर ती नणंदेकडेच राहिली. खरा आजार सांभाळणं म्हणजे काय ते फरंगीसला आता कळलं. नाकातून ठिबकत होतं, बरगडी खोकू देत नव्हती, पट्टीखाली खाज सुटत होती आणि तिथं हात लावायचा नव्हता.

“ही खाज तुम्ही दोघींनी मला कधी सांगितली नाही,” मनीजे चोंदलेल्या आवाजात कण्हली.

“आम्हाला कुठून कळणार, बाई?”

“नाटक करायचं तर नीट करावं. मी आई आहे, मला संशय यायला हवा होता. एकदाही खाजवताना दिसली नाही पोरगी!” आणि ती हसली. मग बरगडी धरून ओरडली, आणि ओरडताना पुन्हा हसली. हूशंग धावत आला तेव्हा दोघी बायका एकमेकींना गप्प करत होत्या. जेलच्या पट्ट्या रश्तहून परत मागवाव्या लागल्या. ताजीनं अर्ध्याच पाठवल्या.

इस्पितळात पट्टी निघाली तेव्हा नाक जाडसर, सुजलेलं आणि किंचित डावीकडे झुकलेलं दिसलं. ते ना जुन्यासारखं होतं ना नव्यासारखं. डॉक्टर म्हणाला, उतरेल हळूहळू. मनीजेनं आरशात फार वेळ पाहिलं नाही. तोंड मिटलं, डोळे मिटले आणि नाकानं श्वास घेतला. मग आणखी एक घेतला.

नातेवाईक जमलेच. हे काम कुणाचं, हा प्रश्न आला. फरंगीसनं जमिनीकडे पाहिलं. मनीजे तिचा हात दाबून म्हणाली, “चिनारींचंच. पण माझं शेवटचं. ते आता कॅनडाला गेले.” सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. कॅनडाला तर सगळेच चांगले डॉक्टर जातात. त्या मुलाच्या आईला तर कळल्यावर फारच वाईट वाटलं म्हणे. डॉक्टरांनी तिला वसंतातली तारीख दिली होती असं ती सांगत फिरत होती.

गुलनारनं अजून काहीच ठरवलेलं नाही. आई विचारत नाही, फक्त मधूनमधून तिच्या नाकाकडे बघून काही म्हणायला जाते आणि मग मुद्दाम दुसरंच काहीतरी बोलते. बरी झाल्यावर पहिल्यांदा नणंदेकडे जेवायला आली तेव्हा मनीजेनं भाताच्या वाफेवर तोंड धरलं आणि खरोखर केशर कमी आहे असं सांगितलं. फरंगीसनं निमूटपणे आणखी केशर घातलं.

परवा इरजचा फोन आला होता.

“ताई, मला आता झोप येत नाही.”

“का रे?”

“ही इतकी गप झोपते की मला काळजी वाटते. सारखा उठून बघतो, श्वास चालू आहे ना.”

“मग?”

“मग ती डोळे न उघडता म्हणते, चालू आहे. झोपा आता.”